मामाची मिशी अन् भाड्याच्या घराची भिंत

...अन् पैज घेतली बाबानं, मार पडला मले, हे कोनत्या कायद्यात बसते ते सांगा पह्यले. किरनापूरचा आमचा मामा, प्रेमलाल, जेवता जेवता बाबाले म्हने, "भाऊजी, तुमच्यानं खोटं बोलनं होतच नाही. भाड्याचं घर राह्यतं घर हाये म्हनून त्या टॅक्सवाल्या साहेबाले पटवून दाखवा, मी मिशी काढतो." आता साल्यानं भरल्या ताटावर मिशीचा इशय काढला त कोनाले राह्यवते? "हौ, लाव पैज," बाबा म्हने. तुमाले सांगतो, मामाची मिशी एवढी काही देखनी नाही का तिच्यापायी मानसानं इमान पनाले लावावं...

घर कोनतं, त भरवेली रोडवरचं. बाबाचं सायकलचं दुकान, त्या कमाईत बांधलं, अन् बांधलं तवापासून तिथं सुखराम बाबू भाड्यानं राह्यते. खदानीतला बाबू. आमी आपले दुकानामांगच्या खोल्यांत. आता बाबानं त्या घराचा सौदा केला वारासिवनीच्या एका मिलवाल्या सेठसंग, अन् त्याच पैशात स्टेशनाकडं दुसरं घर घ्याचं. त वकील म्हने, "टिकाराम, जेवढ्यात बांधलं त्याच्याहून जास्तीत इकून राह्यला, त नफ्यावर टॅक्स लागते." बाबा म्हने, "नफा हाये कुठं? सारा त दुसऱ्या घरात चालला." वकील म्हने, "तू सोता नाहीतर तुहे मायबाप मांगचे दोन साल तिथं राह्यले असते, त सूट भेटली असती. भाड्याच्या घराले सूट नाही. साहेब सोता येऊन घर पाहीन." आता मले सांगा, भाडेकरू राह्यला त घर का घर नसते का? त्याच्या डोक्यावर छप्पर नोतं का? पन आपन बोललो त म्हनतेत, चैत्या, तू आठवीत नापास हायेस, गप बस.

मामानं सोताची पैज इसरून "मायबाप" तेवढं पकडलं. म्हने, भाऊजीची माय हाये ना, गोदाबाई, तिले तिथं बसवा. झालं. आजीची खाट, आजीचा पानाचा डबा, आजीचं लुगडं वळनीवर, सारं भाडेकरूच्या घरी. साहेबापुढं सुखराम बाबू म्हंजे आमचा लांबचा पाहुना, दोन दिवसाले आलेला. आपल्याच चुलीसमोर तो बिचारा पाहुन्यावानी अंग चोरून बसे. आजी म्हने, "मी खोटं बोलत नाही. साहेब आला का मी बहिरी होतो."

सारं जमलं, पन भिंत? आपल्याकडं लग्न झालं का समोरच्या भिंतीवर नवरीचं नाव लेहतेत का नाही? सुखराम बाबूची एकुलती पोरगी, अनुसया, उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. बाबूनं तेली रंगानं लेहवलं, दोन पोपट, मधात कळस, अन् हे मोठ्ठं, "सुपुत्री श्री सुखराम". रस्त्यावरून बैलालेही वाचता यावं एवढं. मामा म्हने, "चुना मारा." आजी म्हने, "नवरीचं नाव हातानं पुसत नसतेत बे, आपोआप जाते ते." बहिरी होयाची होती, पन साहेब यायाचा होता ना अजून.

चुना मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो त भिंत धुतलेली, पोपट दोन्ही हजर. मामानं इकडं पाह्यलं नाही, तिकडं पाह्यलं नाही, सीदा माह्या कानाखाली. काहून? त म्हने, तुह्याशिवाय कोन? आता मास्तरच्या सायकलची हवा म्या सोडली, हौ. बकरीच्या शिंगाले बाबाची टोपी म्या बांधली, हौ, तेही म्याच. पन या वक्ती मी नोतो.

मग मीच एकेकाले पाहाले लागलो. आजी? तिचा हात तिथवर पोचत नाही. सुखराम बाबू? बापाचं काळीज, मानूस करू शकते, पन मले पाहून म्हने, "बेटा, चुना पुसला तूच ना? मनात आसीस देऊन राह्यलो." घ्या. मार फुकट, आसीसही फुकट. अन् मामावरही माहा डाऊट, मिशी वाचवाची होती ना त्याले.

पुन्हा चुना, पुन्हा पोपट. मले दिवसभर दुकानात बसवलं, त मामा म्हने, "याचे चेले असतीन." बाबा कधी मारत नाही, त्यानं पेपर तोंडासमोर धरला अन् म्हने, "अजून एक डाव झालं, त शाळा बंद. सेठच्या मिलमंधी धानाचे बोरे उचलाले पाठवतो." बोरे... मी सोता एका बोऱ्याएवढा नाही. पन या वक्ती मी नोतो, कोनाले सांगू?

साहेब आला त्या सकाळी मामानं जाड चुना मारला अन् बस स्टँडवर साहेबाले आनाले गेला. साहेब उतरला, जाडा, पसिन्यानं चिंब. भिंतीकडं पाहून म्हने, "ये सुखराम कौन है?" पाहतो त पोपटाच्या चोचीतून पांढरं पानी टपकून राह्यलं. मामा म्हने, "साहब, ये लडका पागल है," अन् माहा कान पिळला. आजी जोरात म्हने, "मले ऐकू येत नाही." तिले कोनी इचारलंच नोतं.

अन् ऐका, बाबा आतून आला. बाह्या कोपरापावतर ओल्या, हातात चिंधी. म्हने, "सोड त्याले, प्रेमलाल. चुना मी पुसला. तिन्ही डाव मीच."

मामा म्हने, "भाऊजी, काहून?"

"त्या पोरीचा मामा वक्तावर पोचला नाही, तवा मांडवात तिच्या मांगं मी उभा राह्यलो. त्याच हातानं तिच्या बापाचं नाव पुसू? अन् पैज घेतली तुह्यासमोर, माघार कशी घेऊ?" मग साहेबाले म्हने, "साहब, किराये का मकान है. जो टॅक्स होगा, लिख लो."

साहेबानं लिहून घेतलं, आजीचं पान खाल्लं अन् गेला. मामाची मिशी वाचली, माहा मार मात्र वाया गेला. म्हनून म्या वकिलाले इचारलं, "काका, जो मार खाल्ला तो त आपला नोताच, त्याची काही सूट?"

वकील म्हने, "तुहा मागचा हिसाब पाह्यला, त अजून तुह्याकडंच बाकी निघते."