टोपीवरची पिन

गेशे : ओरडू नका माझ्यावर! चूक माझी आहे हे मीच सांगत आलेय. तुम्ही काही ती शोधून काढलेली नाही.

उलेनब्रोक : परीक्षेला तास उरलाय, गेशेबाई! सहा महिने कुठे होतात? वरातीमागून घोडं आणायची ही कुठली तऱ्हा?

(ग्योटिंगनमधली एक प्रयोगशाळा, मे महिन्यातली सकाळ. साडेदहाला विबकेची डॉक्टरेटची तोंडी परीक्षा. प्रोफेसर उलेनब्रोक तिचे मार्गदर्शक, गेशे इथली जुनी तंत्रज्ञ. टेबलावर पुठ्ठ्याची काळी टोपी अर्धी तयार होऊन पडली आहे. इथे नव्या डॉक्टरला सोबतचे लोक अशी टोपी करून घालतात आणि तिच्यावर त्याच्या कामातल्या वस्तू चिकटवतात. कौतुकही होतं, टिंगलही.)

गेशे : आज सकाळीच कळलं. म्हटलं, ज्या स्फटिकाने औषधाचं ते गाजलेलं चित्र दिलं, तो ज्या पिनेच्या टोकावर बसवला होता तीच टोपीला लावू. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून पिना ठेवायची भोकांची चकती काढली, तिसऱ्या भोकातली पिन उचलली, बुडावरचा नंबर वहीशी ताडला. वहीत काय लिहिलंय? 'औषध नाही.' अक्षर माझंच.

विबके : तीन नंबर औषधात भिजवलेला होता, गेशे. हॅम्बुर्गला पाठवलेल्या यादीत तसंच आहे.

गेशे : यादीत आहे गं. भोकं मी उलट्या बाजूने मोजली. चकती पालथी धरली की तीनच्या जागी चार येतो आणि चारच्या जागी तीन. बत्तीस वर्षं चकत्या भरतेय, त्या दिवशी नेमकी पालथी धरली. औषधातला गेला चारमध्ये, साधा गेला तीनमध्ये.

विबके : चार तर तडकलेला निघाला. हॅम्बुर्गला क्ष-किरणांसमोर धरला, काहीच आलं नाही.

गेशे : आणि तीनचं आलं. साहेब, त्या स्फटिकाने औषधाचा थेंबसुद्धा चाखलेला नाही. आणि तुमच्या चित्रात औषध प्रथिनाच्या खोबणीत मांडी घालून बसलंय!

उलेनब्रोक : वहीतच चूक झाली असेल. आज पिन चुकते, उद्या वही चुकते. माणूस थकतो या वयात.

गेशे : वय काढू नका! हे प्रथिन नऊ वर्षं कुणाच्या हाताला लागत नव्हतं. माझ्या मांजराच्या मिशीने जुन्या स्फटिकांचा चुरा बी म्हणून पेरून वाढवलेत मी ते स्फटिक. तुम्ही कधी एक तरी उचललाय? उंटावरून शेळ्या हाकता नुसत्या!

विबके : ग्लिसरीन आहे ते.

उलेनब्रोक : विबके, तुम्ही यात पडू नका.

विबके : गोठवण्याआधी आपण स्फटिक ग्लिसरीनमध्ये बुडवतो ना, आत बर्फ होऊ नये म्हणून. खोबणीत तेच जाऊन बसलंय.

गेशे : थांब. मी पिनेचं आत्ता सांगितलं. तुला ग्लिसरीन इतक्या झटकन कसं सुचलं?

विबके : टोपीचा गोंद अजून ओलाच आहे.

गेशे : पोरी, तुला विचारतेय मी.

विबके : नोव्हेंबरात क्ष-किरणांवरून बनवलेल्या नकाशातून औषध काढून पाहिलं होतं. मागे उरला तो धूसर ढग. त्यात ग्लिसरीनचे दोन रेणू ठेवून पाहिले. बसले. औषधापेक्षा बरे बसले.

गेशे : मग?

विबके : सरांना दाखवलं.

उलेनब्रोक : आणि मी म्हणालो, धूसर ढगात ज्याला जे हवं ते दिसतं. आजही तेच म्हणेन.

गेशे : मग तुम्हाला काय वेगळं दिसलं हो? मनी वसे ते स्वप्नी दिसे! आणि तू गं? सहा महिने माझ्या शेजारी बसून डबा खात होतीस. एका शब्दाने बोलली नाहीस!

विबके : घाबरले होते.

गेशे : कुणाला? या माणसाला? मी इथे चूक कबूल करायला आले, रडत आले, आणि तुम्हा दोघांना आधीच माहीत! लाज वाटली पाहिजे.

उलेनब्रोक : माहीत नव्हतं, शंका होती. शंकेवर विज्ञान थांबलं असतं तर आपण सगळे बटाटे लावत बसलो असतो. प्रथिनाची रचना खरी आहे ना? तेवढ्यावरही डॉक्टरेट मिळते. मग एका चित्रासाठी एवढा तमाशा कशाला?

गेशे : खालच्या सभागृहात पहिल्या रांगेत कोण बसलंय, पाहिलंत?

उलेनब्रोक : फ्राऊ राडेमाखर, योंटेची आई. दरवर्षी येतात.

गेशे : कासेलहून येतात, रूबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन. त्यांच्या योंटेच्या पेशीत हे प्रथिन लुळं पडलंय. पेशीतला कचरा फोडायचं काम त्याचं; आता फोडणारंच कुणी नाही, मेंदूत साठत चाललाय. मागच्या वर्षी पोरगा 'मामा' म्हणायचा, आता तेही नाही. तुम्ही त्या माउलीला हेच चित्र दाखवून सांगितलंत, औषध कसं खोबणीत बसून प्रथिनाला टेकू देतं.

उलेनब्रोक : मी आशा दिली.

गेशे : पोरांवर चाचणी करायची की नाही, याचा निर्णय औषध कंपनी याच चित्रावर या महिन्यात घेणार. हो म्हटलं की पोरांच्या मणक्यात सुया, दर पंधरा दिवसांनी. यादीत पहिलं नाव योंटेचं. कशासाठी टोचायचं त्याला? ग्लिसरीनसाठी?

उलेनब्रोक : कदाचित औषध तरीही बसत असेल. तुम्हाला काय ठाऊक?

गेशे : तुम्हाला ठाऊक आहे?

उलेनब्रोक : आधी परीक्षा होऊ द्या, मग बघू.

विबके : लॅपटॉप द्या माझा.

उलेनब्रोक : काय करताय?

विबके : ते चित्र काढतेय. त्या जागी रिकामी खोबण दाखवणार, आणि शेजारी ग्लिसरीन.

उलेनब्रोक : मग पहिला प्रश्न मीच विचारीन, विबके. पाचही परीक्षकांसमोर. प्रबंधात एक आणि पडद्यावर दुसरं, हे कसं? आणि उत्तर मिळेपर्यंत सोडणार नाही.

विबके : विचाराच! सांगेन, नोव्हेंबरात कळलं होतं आणि मी गप्प राहिले. कुणाच्या सांगण्यावरून, तेही विचारा. सगळ्यांसमोर विचारा!

उलेनब्रोक : चार वर्षं शिकवलं तुम्हाला मी.

विबके : शिकवलंत. पहिल्याच दिवशी म्हणालात, आधी रेणू काढून बघा, मग ठेवा. मी काढून बघितला, सर.

उलेनब्रोक : नापास झालात तर माझ्या दाराशी येऊ नका.

गेशे : दार जरा हळू लावा, काचा जुन्या आहेत!... गेला. विबके, परीक्षकांच्या आधी त्या बाईंना सांग. पडद्यावरून कळायला नको.

विबके : आत्ताच जाते. गेशे, काय सांगू गं त्यांना?

गेशे : जे आहे ते. मी येते बरोबर, भोकं मी मोजली होती. पण तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा, सांगून ठेवते.

विबके : माहीतेय.

गेशे : आणि ही टोपी? आता कुणास ठाऊक, घालायला मिळते की नाही.

विबके : पुरी कर तरी. पिन पुढेच लाव, नंबर दिसेल अशी.