माझ्या पोटाची चौकशी

माहेर माझं धामणगाव बढे, मोताळा तालुक्यातलं, आन सासर इकडं साखरखेर्ड्याजवळ, म्हंजे जिल्ह्याच्या एका कोपऱ्यातून उचलून पार दुसऱ्या कोपऱ्यात आनून टाकली मले बापानं, एकोनिसाव्या वर्षी. तवा मी एवढी बारीक व्हती ताई, लग्नाच्या फोटोत शालू दिसते, मी दिसत नाई. मालक गवंडीकाम करत. चांगला मानूस, दारू नाई, काई नाई. कावीळ झाली, अंगावर काढली, गेले. चार वर्सं झाले. घरात आता मी, माझी पोरगी मयूरी, ते अकरावीले हाय, आन सासू, तिले मी आत्याबाई म्हनते. देर, म्हंजे मालकाचे धाकटे भाऊ, बाजूच्याच घरात राह्यतात, मधात एक भिंत. मी अंगनवाडी सेविका. लेकरायचं वजन घ्यायचं, गावात कोन गरोदर हाय, कितवा महिना हाय, त्याची नोंद ठेवायची. दुसऱ्याच्या पोटाची चौकशी करायचं काम म्हना ना.

काय सांगू तुम्हाले, ते कवा सुरू झालं तेच मले समजलं नाई. पहिले वाटलं ब्लाऊज आटला. मंग परकराची नाडी पुरेना. हात तसेच, पाय तसेच, काड्या, आन पोटच पुढं पुढं येऊन राह्यलं, बेंबीच्या खाली घट्ट. मानंवर काळा पट्टा पडला, मी घासू घासू कातडं सोललं, जाये नाई. हनुवटीवर केस आले, ते दोऱ्यानं उपटे. आन पाळी बंद झाली. पाच महिने. मले वाटलं चिंतेनं असन, मालक गेले तवा बी दोन महिने चुकली व्हती. आत्याबाईले सांगतलं नाई, कोनालेच नाई. आन मी कोन, तर गावातल्या बायायले गोळ्या वाटनारी बाई.

संध्याकाळची भाकर सोडली. जिऱ्याचं पानी पेली, मेथ्या खाल्ल्या, सकाळी सडकीनं चालाले जाये तर लोक म्हनत, काय वं, कोनाले भेटाले चालली? ते बी सोडलं मंग. भुकेनं चक्कर ये, पन पोट काई हाले नाई. शेवटी एक जुनं लुगडं फाडलं आन त्याची पट्टी पोटाले आवळून बांधली. दिवसभर बांधेल राहे, घरी सोडली का लाल वळ. आता मले समजते का त्या पट्टीनंच घात केला, कोनीतरी पाह्यली असन, बांधते म्हंजे लपवते.

वजनाचा दिवस व्हता. दहा-बारा बाया बसेल. कविता म्हून एक नवी सून, जालन्याकडची, तिले सहावा चालू व्हता. वजन झालं, काट्यावरून उतरली, माझ्याकडं पाह्यलं आन हासत म्हने, बाई, तुमचा कितवा? तिले काई माहीत नव्हतं ताई, पोरगी साधी. दोघी-तिघी हासल्या. आन मंग एकदम सगळ्या चुप. सगळ्यायच्या एकाच येळेस ध्यानात आलं का हिचा तर नवरा नाई. मी वही घेतली, कविताचं वजन लिहिलं, आकडा चुकला, खोडला, पुन्हा लिहिला. माझीच जीभ उचले ना का बाई, असं काई नाई म्हून.

तठून सुरू झालं. नळावर गेली का बाया चुप. किराना दुकानावर गेली का बाप्ये वर पाहात. एकदा मीटिंगले उशीर झाला म्हून शाळेतल्या सरच्या गाडीवर साखरखेर्ड्याले गेली व्हती, झालं, त्याचं नाव जोडलं. त्या बिचाऱ्यानं मंग आमच्या गल्लीतून यायचं बंद केलं. लोक म्हने, पाहा, भेला.

एक दिवस दुपारी देर आले. आत्याबाई वसरीत निजेल व्हती. ते उंबऱ्यातच बसले, खाली पाहून राह्यले, मंग हळूच म्हने, वयनी, मी काई बोलनार नाई तुमाले. मानूसच हाय. मी गाडी करतो, जालन्याले जाऊ, मोकळं होऊन येऊ, कोनाले पत्ता लागनार नाई. ताई, त्यानं शिव्या देल्या असत्या तर मी बी देल्या असत्या. पन तो मायेनं बोलून राह्यला व्हता. मी म्हटलं भाऊजी, काई नाई माझ्या पोटात. तो म्हने, मंग दाखवून या डॉक्टरले. मी म्हटलं दाखवाले गेली तर लोक काय म्हनतीन? पाडाले गेली. अन नाई गेली तर हे पोट रोज दिसून राह्यलं. सांगा तुम्ही, मी कुठं जाऊ? तो उठून गेला.

आन आतून मयूरी आली. तिनं सगळं आयकलं व्हतं. म्हने, मम्मी, खरं सांग. लोकायचं जाऊ द्या ताई, पन माझी पोरगी, माझ्या पोटची, ते बी मले खरं सांग म्हने. मले रडू बी आलं नाई.

आत्याबाई निजेल नव्हती. तिले डोळ्यानं कमी दिसते, कानानं नाई. तिनं मले जवळ बोलावलं, पदर सारला आन माझ्या पोटावर हात ठेवला. सात बाळंतपनं केली व्हती तिनं सोताची. लय येळ दाबून पाह्यलं, मंग म्हने, हे लेकरू नोहे वं. हे काई दुसरंच हाय. उद्या पहिल्या गाडीनं जाऊ.

मी म्हटलं, गुपचूप जाऊ, दुसऱ्या फाट्यावरून बसू. आत्याबाई म्हने, गुपचूप काऊन? फाट्यावर सकाळी पंधरा-वीस मानसं उभे व्हते, आत्याबाई काठी टेकून मधात उभी राह्यली आन मोठ्यानं म्हने, सुनंच्या पोटात काय हाय ते पाहाले देऊळगाव राजाले चाललो, कोनाले यायचं असन तर चला. कोनी हाललं नाई. गाडी आली, कंडक्टरनं तिले हात देऊन वर घेतलं.

दवाखान्यात पहिलाच सवाल, कितवा महिना? तपासनीच्या कागदावर नवऱ्याचं नाव इचारलं, मी सांगतलं, मयत. लिहिनाऱ्या बाईचा पेन थांबला. लघवी तपासली, मंग थंडगार मलम लावून मशीन फिरवलं. डॉक्टरीन बाई तरनी व्हती, पन कागद बाजूले ठेवून माझ्याशी बोलली. म्हने, गर्भ नाई. अंडाशय सुजेल हाय, त्यात बारीक बारीक गाठी हायेत. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर समजलं, थायरॉईड बी हाय. म्हने, शरीरातलं हार्मोनचं गनित बिघडलं का चरबी पोटावरच येऊन बसते, पाळी जाते, केस येतात. तुमचा काई दोष नाई. उपाशी राहू नका, त्यानं आनखीन बिघडते. गोळ्या घ्या, चाला, धीर धरा, साल दोन साल लागतीन. पोट पूर्ण जाईनच असं मी सांगत नाई.

तुमचा काई दोष नाई, एवढं आयकलं आन मी तिच्या टेबलावर डोकं टेकून रडली. आत्याबाई म्हने, रडू दे तिले.

घरी आलो तर देर म्हने, रिपोर्ट द्या, मी गावाच्या ग्रुपवर टाकतो, एका दिवसात तोंडं बंद. आत्याबाई बी म्हने, दे. माझ्या हातात तो फोटो, काळापांढरा, माझ्या गर्भाशयाचा. मी म्हटलं, नाई देनार. भर चौकात माझं पोट उघडं करायचं का आता? देर म्हने, मंग लोक बोलतच राहतीन. मी म्हटलं, बोलू द्या. आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाई. मयूरीले मातर मी तो कागद देला. तिनं पूर्ण वाचला, मोबाइलवर एकेक शब्द पाह्यला, अन माझ्या पाठीमागून येऊन गळ्यात पडली. पन ते खरं सांग अजून कानात हाय ताई, खोटं कायले बोलू.

लोकायनं काय केलं? नऊ महिने मोजले. मंग म्हने, देऊळगाव राजाले मोकळी होऊन आली. तरी पोट तसंच, त्याचं उत्तर त्याइच्यापाशी नाई, अन ते पाहात बी नाई. दीड वर्स झालं. पाळी येते आता, मानंवरचा पट्टा फिका झाला, पोट दोन बोटं उतरलं, बस, तेवढंच. लग्नाकार्यात गेली का अजून माझा हात आपोआप पदराकडं जाते.

परवा आठवीतली एक पोरगी घेऊन तिची माय आली. पोरीचं पोट सुटेल, मानंवर तोच काळा पट्टा. माय म्हने, हिची भाकर बंद केली बाई, तरी पाहा. मी त्या पोरीले पहिले जेऊ घातलं, माझ्याच डब्यातलं. मंग मायेले म्हटलं, चाल, उद्या मी येते संगं, फाट्यावर सगळ्यायच्या देखत गाडीत बसू.

तुम्हाले बी पोरगी हाय म्हने ना ताई? सुखात राहो. पोटभर जेवो.