पुलाचं पलीकडचं टोक

माननीय अध्यक्ष कृष्णकांतजी, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती ओव्हरसियर बबनराव आणि बंधुभगिनींनो,

शाळेत इतिहास शिकवते म्हणून अध्यक्षांनी मला वणा नदीवरच्या पुलांचा इतिहास सांगायला उभं केलं आहे.

आधी माणसं नेणारा लाकडी डोंगा होता. मग इंग्रज साहेबाच्या काळात दगडी रपटा झाला, पात्रातून जाणारी बुटकी फरसबंदी वाट. पावसाळ्यात जरा पूर आला की तो पाण्याखाली, तरी आम्ही त्याला ऐटीत पूल म्हणायचो! आणि परवा हा उंच पूल खुला झाला. हारतुरे झाले, फोटो निघाले. पण तो झाला कशामुळे, हे कुणी सांगायचं?

सहा वर्षांपूर्वी बबनरावांच्या पत्नी सुलोचना पोळ्याला पलीकडे माहेरी गेल्या होत्या. बबनरावांनी निरोप धाडला, आजच ये. आई पंचफुलाबाईंनी काठावर लेकीची ओटी भरली. आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? ओटी भरली की माहेरच्यांनी पाठ फिरवायची, वळून बघायचं नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि सुलोचना रपट्यावर उतरल्या. इथे ऊन होतं, पण वरच्या अंगाला पाऊस कोसळला होता. पाण्याचा लोंढा या काठावरून बबनरावांना दिसला.

"मामी, तिले वापस बोलवा!" ते सासूबाईंना ओरडून म्हणाले.

हाक पोचली, पण पंचफुलाबाईंनी रीत मोडली नाही. वळल्या तेव्हा रपट्यावर कुणीच नव्हतं.

त्यानंतर बबनरावांनी पुलासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. पूल उभा केला, पण शेवटच्या कमानीपुढे पाऊल टाकलं नाही. मी काल विचारलं, तर म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ, बाई? मीच बोलावलं होतं तिले."

आज सकाळी मी पंचफुलाबाईंकडेही गेले. त्या म्हणाल्या, "मी वळून पाहलं असतं त पोरगी वाचली असती. जावई येत नाई, बरोबरच हाय त्याचं."

एकमेकांना दोष दिला असता तर भांडून तरी मोकळे झाले असते हो! मला फार वाईट वाटतं.

बबनराव, उद्या तुम्ही बदलीच्या गावी निघणार. पंचफुलाबाई या घटकेला पुलाच्या पलीकडच्या टोकाला उभ्या आहेत. इकडे चला म्हटलं, तर म्हणाल्या, "पूल त्यानं बांधला. त्यानं हात धरून नेलं तरच येतो."

सभाजनहो, आपण आलात, आम्ही ऋणी आहोत. शाल पांघरण्याआधीच सत्कारमूर्तींना उठवते आहे, हा माझा आगाऊपणा पोटात घाला. जा बबनराव. आम्ही सगळे इथेच बसून आहोत, त्यांना घेऊन या.