नळीवरचा नंबर

पोलिसांना इतकी नावं ठेवू नका राव, माझं ऐका. त्या दुष्काळात विहिरीजवळच्या आमच्या हिरव्या तुकड्यात रानडुकरं शिरायची, म्हणून मी परवाना काढून सोलापुरातून बंदूक आणली. दुकानदारानं परवान्यावर तिचा नंबर लिहिला होता, तरी ठाण्यात दाखवून नोंद करावी लागते म्हणे. मी वैतागतच कळंबला गेलो.

म्हाताऱ्या जमादारांनी नळीवरचा नंबर वाचला, परवाना वाचला आणि म्हणाले, "बाबुराव, कागदावरची बंदूक तुमची हाय, हातातली न्हाय."

मी घाबरून विचारलं, "मग आता मला आत टाकता का?"

"दाखवायला आलात न्हवं? बसा."

त्यांनी दुकानात फोन लावला. दोन बंदुकांची अदलाबदल झाली होती. माझी तुळजापूरच्या एका बागायतदाराकडं गेली होती. जमादारांनी तसं लगेच लिहून ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी तिकडं बागायतदाराकडं ती बंदूक साफ करताना उडाली आणि त्याच्या गड्याच्या पायात छर्रे घुसले. गडी वाचला. पण चौकशीत नंबर निघाला माझ्या नावावरचा! जमादारांच्या त्या नोंदीमुळं मला कुणी साधं बोलावलंसुद्धा न्हाय.

तेव्हापासून दसऱ्याला देवाला सोनं वाहिलं की दुसरं पान मी जमादारांच्या हातात ठेवतो.