पाळण्यातली शांतता

सन २००६, डिसेंबर महिना, थंडी नुकतीच कडक झाली होती. अमेरिकेत माझ्या नातीचे बारसे होते आणि पाळणा मी शिरूरहून इंटरनेटवरून म्हणावा, असे मुलाने सुचवले. इंटरनेट कॅफे चालवणाऱ्या सलीमने मला विचारले, “मावशी, थेट म्हणताय का आधी रेकॉर्ड करायचं? थेट म्हंजी लाइन कवा तुटंल, सांगता न्हाई येत.”

अर्धवट काम मला खपत नाही, म्हणून मी रेकॉर्डिंग पत्करले. प्रत्येक कडव्यानंतर तिथल्या बायकांना ‘जो जो रे’ म्हणता यावे, म्हणून तेवढा वेळ मोजून गप्प राहिले.

“मावशी, आटवंना का?” सलीमने विचारले.

“सगळे आठवते. आता त्यांची पाळी आहे.”

संक्रांतीला मुलाने बारशाचा व्हिडिओ पाठवला, तो मी कॅफेतच पाहिला. माझा आवाज एका कडव्यातून दुसऱ्यात न थांबता धावत होता. मी तिथूनच त्याला फोन लावला.

“मध्ये मी थांबले होते, ते कुठे गेले?”

“आई, तिथं नुसतीच शांतता होती. काहीतरी बिघडलंय वाटलं, म्हणून कापली.”

“तिथे तुम्ही सर्वांनी ‘जो जो रे’ म्हणायचे होते.”

तो म्हणाला, “इथं कुणाला येतंय, आई?”

“मग यापुढे मी थेटच म्हणेन.”

“आणि लाइन तुटली तर?”

“तुटू दे. तुम्ही गप्प बसलात, तर तेवढे मला कळेल तरी.”

थेट की रेकॉर्ड, हा प्रश्न त्या संक्रांतीच्या दिवशी असा कायमचा मिटला.