गठ्ठ्यातून काढलेलं नाव

मिस अर्लीन : येताना गाडीत काय सांगितलं होतं तुला, कॉरीन? आत जाऊन नुसती बस. तोंड उघडू नकोस.

कॉरीन : सांगितलं होतं. मला वाटलं, तुम्ही उगाच घाबरता.

मिस अर्लीन : माझा पोरगा तुरुंगात होता तेव्हापासून बघतेय मी हे सिनेट. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी सगळ्या नेमणुकांचा एकच गठ्ठा. केशकर्तन मंडळ, शिंपले मंडळ, कैद्यांना लवकर सोडायचं की नाही ठरवणारं पॅरोल मंडळ. सगळे एकदम 'हो' म्हणतात नि जेवायला पळतात.

कॉरीन : पण अध्यक्षांनीच विचारलं, कुणाला बोलायचंय का.

मिस अर्लीन : विचारायची रीत आहे गं! उठायची नाही.

कॉरीन : मी काय वाईट बोलले? हॅदवेबाई तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स होत्या. माझ्या भावाला, वेंडेलला, न्यूमोनिया झाला, तेव्हा ड्यूटी संपल्यावरही त्याच्या उशाशी बसून राहिल्या. असं माणूस पॅरोल मंडळावर हवं, एवढंच म्हटलं.

मिस अर्लीन : कैद्याच्या बहिणीनं म्हटलं, कडेवर लेकरू घेऊन. तो टकल्या सिनेटर तोवर मस्त पेंगत होता. खडबडून जागा झाला. हॅदवेबाईंना म्हणे, "बाई, तुम्हाला कैद्यांचा फार लळा दिसतो?"

कॉरीन : आणि त्या 'हो' म्हणाल्या! 'नाही' म्हणून टाकायचं ना!

मिस अर्लीन : तसं म्हणणारी असती तर तू तिच्यासाठी उठली असतीस?

कॉरीन : गठ्ठ्यातून त्यांचं नाव बाजूला काढलंय फक्त. परत घेतील की.

मिस अर्लीन : कधी? अधिवेशन संपलं. ती खुर्ची आता वर्षभर रिकामी.

कॉरीन : म्हणजे शुक्रवारी वेंडेलच्या सुटकेच्या अर्जावर मंडळात दोघंच.

मिस अर्लीन : एक 'हो'वाला, एक 'नाही'वाला. बरोबरी म्हणजे नकार. पुढचा अर्ज पाच वर्षांनी. टॅलीला टोपी घाल, गार वारा सुटलाय.

कॉरीन : ही बातमी तुरुंगातल्या टीव्हीवर येईल?

मिस अर्लीन : टकल्यानं कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितलंय. येणारच.

कॉरीन : रविवारी वेंडेलला भेटले तर त्यानं रेडिओ शेजारच्याला देऊन टाकला होता. म्हणाला, "घरीच येतोय की. टॅलीला मीच झोपवणार." मिस अर्लीन, मागच्या नकारानंतर त्यानं चादर फाडून...

मिस अर्लीन : माहितीये मला. पोर दे इकडे. पाद्रीबाबांना फोन लाव.

(कॉरीन फोन लावते.)

कॉरीन : रेव्हरंड टिल्मन? मी वेंडेलची बहीण. तुम्ही तुरुंगातच आहात ना आत्ता? एकदा त्याला बघून याल? नाही, दारातून हाक मारू नका. तो 'बरा आहे' म्हणतो. कोठडी उघडायला लावा. आत जाऊन बघा.