ओली लोकर झाडू नये

मंडळी, ऐका! खांबामागे बसलेल्या माउल्यांनो, तुम्हीसुद्धा ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. घरातलं भांडं चोरीला जातं, गोठ्यातलं वासरू जातं — पण माणसाचं भाग्य चोरीला जातं का हो?

उत्तरासाठी लांब जायचंय, पार ग्रीक लोकांच्या पुराणात! काळ्या समुद्राच्या काठी कोल्किस नावाचा देश. तिथल्या राजाच्या राईत एका झाडावर मेंढ्याचं कातडं टांगलेलं — लोकरीसकट सोन्याचं! राखणीला कोण? कधीच न झोपणारा सर्प! तात्या, डुलकी लागली का? श्रोता असावा तर त्या सर्पासारखा!

पण परमुलखातला एक राजपुत्र जहाज घेऊन आला, त्यानं सर्पाला गुंगी आणली आणि कातडं घेऊन पसार झाला. झालं! साऱ्या देशाला वाटलं, आपलं भाग्यच चोरीला गेलं.

तिकडे डोंगरात, नदीकाठी, सोनं गाळणाऱ्यांची एक वस्ती होती. तिथे थेओनी नावाची पोर आणि अंथरुणाला खिळलेला तिचा बाप तारस. या लोकांचं काम काय? मेंढ्याचं कातडं फळीवर ताणायचं आणि नदीत बुडवून ठेवायचं. पाण्यातून सोन्याचे कण वाहत येतात, ते लोकरीत अडकतात. पण आता जो तो म्हणायला लागला, राजाचं कातडं होतं म्हणून नदीला सोनं होतं. ते गेलं, आता इथे राहून काय करायचं? बिऱ्हाडं बांधली, घाट ओलांडून जायचं ठरलं.

थेओनीला प्रश्न पडला. बापाला त्या घाटातून न्यायचं कसं? वाटेतच त्याचं काही बरंवाईट झालं तर?

नदीत अजून सोनं आहे हे दाखवलं तर लोक थांबतील, म्हणून तिनं घरातलं जुनं कातडं नदीत बुडवलं. रोज जायची, वर काढायची, दणादण झाडायची. हाताला काय? चिखल! पुन्हा बुडवायची, पुन्हा झाडायची. बायका म्हणाल्या, पोरीचं डोकं फिरलंय. शेवटी ती बापाच्या उशाशी बसून ढसाढसा रडली. नदी रिकामी झाली, म्हणाली.

तारसनं विचारलं, “ओलंच झाडलंस?”

“हो. वाळेपर्यंत धीर धरवेना. काही सापडतंय का बघायला झाडलं.”

“अगं, ओली लोकर झाडली की पाण्याबरोबर कणही जातात. कातडं नदीत राहू दे. मग फांदीला टांग, वाळू दे, तोवर हात लावू नकोस. राजाकडचं कातडंही आपल्याच नदीतल्या कणांनी सोनेरी झालेलं. आपल्या वाडवडलांनी ते वाळायला टांगलं होतं. लोक त्याला नमस्कार करत बसले आणि नदीला विसरले.”

बघा मंडळी! वाळायला टांगलेलं कातडं, त्याचा देव केला!

थेओनीनं कातडं पुन्हा बुडवलं. हात शिवशिवायचे, पण ती मन घट्ट करून बसली. निघायच्या दिवशी तिनं ते वर काढलं — काळंकुट्ट, चिखलानं जड — आणि फांदीला टांगलं. शेजारपाजारचे गाड्या भरत होते, हसत होते. ऊन चढलं. लोकर खडखडीत वाळली. तिनं खाली लुगडं अंथरलं आणि काठीनं हलकेच झोडपलं. आधी पडली माती. मग आणखी माती. आणि मग त्या मातीत काहीतरी चमकलं!

गाडीला जुंपलेले बैल वस्तीच्या म्होरक्यानं सोडले.

थेओनीनं चिमूटभर कण बापाच्या तळहातावर ठेवले. म्हातारा बोटानं चाचपत राहिला, मग हसला. “म्हणजे मला घाट चढायला नको तर,” म्हणाला.

हसताय काय मंडळी? ती थेओनी तुमच्या-आमच्या घरात आहे! चार दिवस नाम घेतलं की आपण विचारतो — देवा, काय मिळालं? झाडली ओली लोकर! पोराला दोन गोष्टी प्रेमानं सांगितल्या की संध्याकाळी बघतो — सुधारला का? झाडली पुन्हा! अरे, देवाच्या कृपेची नदी वाहतेच आहे, ती कुणी जहाजात घालून नेलेली नाही. तुम्ही फक्त मन तिच्यात बुडवून ठेवा. आज चिखल दिसतोय ना? दिसू दे. ऊन पडायचंय अजून!